उण्यातल्या माणसाची प्रार्थना

प्रभू, लाईट अजून आलेली नाही.

रात्रीची पाळी बाराची आहे, पण बाराला ती येईलच असं नाही. मोटारीच्या पेटीजवळ पोतं अंथरून बसलोय. बॅटरी विझवली आहे. वरकुट्यात सगळं निजलंय. लांबच्या रस्त्यानं उसाचा एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चाललाय, त्याच्या टेपवरचं गाणं तेवढं वाऱ्यावर तुटक तुटक येतंय. लाईट येईपर्यंत तुझ्याशी बोलतो. दिवसा तुझ्यापुढं बसलो की मी नीटनेटकं बोलतो, मंडळीसमोर बोलल्यासारखं. अंधारात तसं जमत नाही. आज तसं जमूही नये.

ऐक, बापा.

रविवारी मला संदेश द्यायचा आहे. पाळकसाहेबांनी विषय दिलाय, शास्त्रातले न्यायाचे इशारे आणि ते ऐकून आपण ख्रिस्ती लोकांनी काय करावं. ‘तुम्ही मास्तर होतात, तुम्हाला समजावून सांगता येईल,’ असं ते म्हणाले आणि मी आनंदानं हो म्हटलं. चार रात्री पवित्र शास्त्र उघडून बसलो. आमोस काढला, योना काढला, लूकचा तेरावा अध्याय काढला. वहीची सहा पानं भरली. काल ती पानं सलग वाचली आणि माझ्या हातातून पेन गळालं. सहा पानांत ‘ते’ होते, ‘त्यांना’ होतं, ‘त्यांचं’ होतं. ते ऐकत नाहीत. त्यांना पैशापुढं काही दिसत नाही. त्यांचा न्याय होईल. ‘मी’ एकदाही नव्हता, प्रभू. सहा पानांत एकदाही नाही.

मला क्षमा कर.

तुझ्या घरात वाढलो तरी मला तुझा आवाज ओळखता येईना, क्षमा कर. तू मला हाक मारलीस आणि मी मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला बोलावतोस म्हणून.

तुझा आमोस माझ्यासारखाच रानातला माणूस. तकोवाकडचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची राखण करणारा. त्यानं बोलायला सुरुवात केली ती दिमिष्कापासून. मग गज्जा, मग सोर, मग अदोम, अम्मोन, मवाब. एकेका शेजाऱ्याचं पाप तो नाव घेऊन सांगत गेला आणि ऐकणारे मान डोलवत राहिले असतील. मला ती माणसं दिसतात. मांडी घालून बसलेली, बरं झालं म्हणणारी, अजून सांग म्हणणारी. मग तो यहूदावर आला. मग इस्राएलावर आला आणि तिथं मात्र तो थांबला, कारण त्याला जायचं होतं तिथंच. बाकी सगळ्यांना एकेक फटका, आणि घरच्यांना पुस्तकभर. गरिबाला जोड्याच्या किमतीला विकणारे, खोटं माप धरणारे, गादीवर लोळणारे हे सगळे घरचेच होते, तुझं नाव घेणारे, तुझी गाणी म्हणणारे.

एवढी वर्षं मी आमोस वाचला, प्रभू, आणि दरवेळी मवाबापर्यंत येऊन पुस्तक मिटलं.

आज मिटू देऊ नकोस.

तुला आठवतं ना, मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो. आषाढी एकादशीच्या आधी तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. लाख लाख माणूस आमच्या रस्त्यानं चालतं. आम्ही चार पोरं हातात पत्रकांचे गठ्ठे घेऊन कडेला उभी होतो. पत्रकावर लाल शाईत जाळ छापला होता. खाली वचनं होती, सगळी न्यायाची, एकही सांत्वनाचं नाही. एक म्हातारे वारकरी माझ्यापुढं थांबले. पायात चपला नव्हत्या. त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, बहुतेक अक्षर वाचता येत नसावं, देवाचं काही असेल म्हणून कपाळाला लावला, घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवला. मग म्हणाले, ‘माउली, घोटभर पाणी हाय का?’

माझ्याजवळ पाणी नव्हतं.

दोन्ही हात पत्रकांनी भरलेले होते आणि माझ्याजवळ पाणी नव्हतं. ते बरं बरं म्हणून पुढं गेले. आता मला कळतं की तुझ्या शेवटच्या न्यायाच्या दिवशी जे विचारलं जाणार आहे त्यात तहानलेल्याचं पाणी आहे. तू स्वतः ते सांगून ठेवलंस. तो प्रश्न तू मला त्या दिवशी अंथुर्ण्याच्या रस्त्यावर त्या म्हाताऱ्याच्या तोंडून आगाऊ विचारलास आणि मी नापास झालो. न्यायाचं पत्रक माझ्या हातात होतं आणि न्याय माझाच चालला होता.

ते आता हयात नसतील. ते तुझ्यापाशी आहेत असं मला वाटतं, आणि हे मी कुठल्या मंडळीत बोललेलो नाही. त्यांना पाणी दे, प्रभू. माझ्या वाटणीचं दे.

नारायण वामन टिळक याच तुकोबांच्या पुलावरून तुझ्यापाशी आल्याचं सांगत. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढं आयुष्यभर अभंगांतून तुझ्याशी लेकरानं आईशी बोलावं तसं बोलले. मी त्याच पुलाच्या तोंडाशी उभा राहून लोकांना जाळ दाखवत होतो. यरुशलेमेला तू इशारा दिलास तेव्हा रडत दिलास. यिर्मयानं दिला तो रडत दिला. माझे डोळे कोरडे होते. कोरड्या डोळ्यांनी तुझ्या न्यायाचं नाव घेतलं त्याबद्दल मला क्षमा कर. आणि मला रडता येत नसेल, तर गप्प राहू दे.

गप्प राहू दे, देवा. एवढं तरी दे.

मी गप्प राहिलो नाही, हे तुला ठाऊक आहे. ते अजून सांगायचंय. ते सांगताना जीभ जड होते.

२०२४ चा उन्हाळा. उजनी उण्यात गेली होती. बाहेरच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागतो, आमच्याकडं शाळेतलं पोरगंही बोलतं. धरणाच्या तळाला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा धरलेला आहे. पाणी त्याच्याही खाली उतरलं की रोजच्या आकड्यापुढं उणे लागतं. त्या वर्षी ते उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं. काठ लांब लांब सरकले, गाळाला भेगा पडल्या, पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ दगडादगडानं उघडं पडलं, आणि लोक ते बघायला गाड्या करून गेले. मी पण गेलो. तिथं उभा असताना मला दानिएलाचा तो राजा आठवला, बेलशस्सर. मेजवानी चालू असताना भिंतीवर बोटं उमटली आणि लिहिलेल्यात हेही निघालं, की तुला तागडीत घातलं आणि तू कमी भरलास. मी मनात म्हणालो, देवा, हा सगळा मुलूख कमी भरला. मुलूख म्हणालो. पुन्हा मी नाहीच.

आणि मग २१ मेची संध्याकाळ. करमाळ्याकडच्या कुगावहून आमच्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले. त्यांत एक नवरा-बायको होते आणि त्यांची दोन लहान लेकरं होती. शोध चालला तेवढे दिवस या पट्ट्यात कुणाच्या घशाखाली घास नीट उतरला नाही.

त्याच आठवड्यात आमच्या घरी प्रार्थना होती. दहा-बारा माणसं. मी शास्त्र वाचलं आणि बोललो. काय बोललो ते तू ऐकलंस, पण मला माझ्या तोंडानं पुन्हा सांगू दे. मी म्हणालो, देव इशारे देतो, लोक ऐकत नाहीत, मग असं होतं. मी ते हळू आवाजात, दुःखी चेहरा करून म्हणालो. आमच्यातली एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, ‘मास्तर, त्या बारक्या लेकरानं काय ऐकायचं राहिलं होतं?’ आणि पदर तोंडाला लावला. मग कुणी गाणं सुरू केलं, चहा झाला, माणसं गेली. मला कुणी काही बोललं नाही.

तूही काही बोलला नाहीस. त्या रात्री मला झोप लागली, याची मला आता भीती वाटते.

यरुशलेमेत बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती तेव्हा तुझ्या लेकराला हेच विचारायला लोक आले असते. पण येशू प्रभूनं स्वतःच तो विषय काढला. ती अठरा माणसं गावातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त दोषी होती असं तुम्हाला वाटतं का, असं विचारलं आणि नाही म्हणून सांगितलं. मेलेल्यांची बाजू घेतली. मग जिवंत उभे होते त्यांच्याकडं वळून म्हणाला, तुम्ही वळा. हा अध्याय मी किती वेळा वाचलाय, प्रभू. माझ्या सहा पानांत तो आहे. आणि उजनीच्या काठावर राहून, त्या सहा माणसांच्या मरणावर मी नेमकं तेच बोललो जे बोलू नका म्हणून तू दोन हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतंस.

त्या सहा जणांच्या घरच्यांना मी तोंडानं काही सांगू शकत नाही. त्यांना माझं नावही माहीत नाही. पण तू त्यांच्या घरात जातोस. त्यांच्या उंबऱ्यावर माझा शब्द धूळ होऊन पडला असेल, तर तो झाडून टाक. त्यांच्या रात्री तू सांभाळ. पाण्याकडं बघताना ज्यांच्या पोटात खड्डा पडतो, त्यांच्याजवळ बस. बोलू नकोस, नुसता बस.

आणि दुसऱ्याच्या मरणाचा अर्थ लावायची माझी सवय काढून घे. मुळासकट काढ.

अब्राहामाला तू सदोमाबद्दल आधी सांगितलंस. मला पूर्वी वाटायचं, मान म्हणून सांगितलं असेल. आता या अंधारात वाटतं, तुला त्यानं आडवं यायला हवं होतं. त्यानं खरंच घासाघीस केली. पन्नास असले तर? पंचेचाळीस? चाळीस? तीस, वीस, दहा. स्वतःला धूळ म्हणत म्हणत तो तुझ्यापुढं हटून उभा राहिला. आणि तुझा योना? त्याला निनवेचा इशारा दिलास आणि तो गावाबाहेर मांडव घालून बसला, कधी जळतंय बघत. त्याला आपल्या सावलीच्या वेलाचा कळवळा आला. तू त्याला एक लाख वीस हजार माणसांची आठवण करून दिलीस, आणि जनावरांचीही. जनावरं तू विसरला नाहीस म्हणून मी तुझे पाय धरतो. दुष्काळात दावणीला हंबरणाऱ्या जनावराच्या डोळ्यांत बघितलेल्या माणसाला ती ओळ फार लागते.

मी योनाच्या मांडवात बसून म्हातारा झालो, प्रभू. मला तिथून उठव. या वरकुट्यासाठी, या तालुक्यासाठी मला तुझ्यापाशी घासाघीस करायला शिकव. इथं दहा असतील. दहापेक्षा जास्त असतील. ते सगळे आमच्या मंडळीत नसतील, पण तू त्यांना मोजलेलं असशील.

इथून केडगाव फार लांब नाही. लहानपणी आई मला तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला घेऊन गेली होती. त्या मोठ्या मंदिरात उभं राहून तिनं मला हळूच सांगितलं की इथं मुली रडल्या होत्या. मला वाटलं, कुणी मारलं असेल. पुढं मोठेपणी वाचलं.

पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आई, वडील, बहीण गमावलेली. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. १८९६ चा दुष्काळ पडला तेव्हा, हा देवाचा कोप आहे, असं घरात बसून म्हणायला त्यांना कुणी अडवलं नसतं. त्या मध्य प्रांतात गेल्या. उपाशी, आजारी, टाकलेल्या मुली गोळा केल्या आणि आमच्या या पुणे जिल्ह्याच्या माळावर आणल्या. पुढं गुजरातच्या दुष्काळात पुन्हा आणल्या. न्यायाची वचनं त्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वाचली होती. मूळ इब्री आणि ग्रीकवरून सगळं शास्त्र मराठीत करणारी ती बाई, १९२२ च्या एप्रिलमध्ये जाईपर्यंत त्याच कामात होती. मुक्तीतल्या मुलींनी खिळे जुळवून ते छापलं आणि १९२४ साली ते लोकांच्या हाती आलं. नहूम, सफन्या, यिर्मया, सगळा जाळ त्यांच्या लेखणीखालून गेला. तो जाळ वाचून त्यांनी काय केलं? चूल पेटवली आणि मुलींना जेवायला घातलं.

१९०५ च्या जानेवारीत त्यांनी रोजच्या प्रार्थनेला कोण येईल म्हणून विचारलं. सत्तर जणी पुढं आल्या. मग वाढत वाढत पाचशेच्या वर गेल्या. जूनच्या शेवटी ती रडण्याची लाट आली. पापाची जाणीव होऊन मुली ओक्साबोक्शी रडल्या, एकमेकींपुढं कबुली दिली, तुझी क्षमा मागितली. दिवसचे दिवस. मी यावर खूप विचार केलाय, बापा. त्या कोण होत्या? दुष्काळानं आईबाप नेलेली पोरं. बालविधवा. जगानं ज्यांच्यावर अन्याय केला त्या. त्यांच्याकडून हिशेब घ्यायचा तर काय घेणार होतास? ज्यांनी धान्य कोठारात दाबून ठेवलं, ज्यांनी त्यांना रस्त्यावर टाकलं, ते कुणी त्या दिवशी रडले नाहीत. जिच्याजवळ सगळ्यात कमी होतं, ती सगळ्यात आधी रडली. पेत्रानं लिहून ठेवलंय की न्याय सुरू व्हायचा तो तुझ्या घरापासून. मुक्तीच्या मुलींना ते कुणी समजावून सांगितलं असेल किंवा नसेल. त्यांनी ते केलं.

त्यांच्या अश्रूंतला एक मला दे. एकच दे. तो पुरेल मला.

आता ते सांगतो, ज्यासाठी ही रात्र तू लाईट अडवून धरली आहेस असं वाटतंय.

ज्या वहीत मी सहा पानं लिहिली, ती मागच्या बाजूनं हजेरीची वही आहे. संध्याकाळी सातवं पान लिहायला कोरी जागा शोधत होतो, म्हणून वही उलटी केली. मागच्या पानावर पेन्सिलीच्या आठ रेघा. चार उभ्या, त्यांच्यावर एक आडवी, मग तीन. शेजारी एका बाईचं नाव. तिनं दिवाळीच्या सुमारास बागेत आठ दिवस खुरपलं होतं. चार बायका होत्या, तिघींचे पैसे त्याच आठवड्यात दिले, कारण त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ही लांबच्या वस्तीवरची, नवरा गेलेला, बोलायला हळू. तिला म्हणालो, उसाचं बिल आलं की देतो. बिल आलं, प्रभू. तुला तारीखही ठाऊक आहे. त्यातून ठिबकच्या नळ्या आणल्या, नातवाला सायकल घेतली. तीनशे रुपये रोजानं आठ दिवसांचे चोवीसशे. तिनं दोनदा विचारलं. मग विचारायचं सोडलं, आणि मी समजलो की ती विसरली.

ती विसरली नव्हती. मजुरी विसरता येते का कुणाला?

आणि गेल्या रविवारी शास्त्रपाठ माझ्याकडं होता. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं तुझ्या कानापर्यंत पोचतं, हे मी मंडळीपुढं मोठ्यानं वाचलं. स्पष्ट उच्चारात वाचलं. माझा आवाज हललाही नाही. घरी येऊन मी जेवलो.

देवा, मी तुझ्या कोपाला तेवढा घाबरत नाही, जेवढा त्या न हललेल्या आवाजाला घाबरतो. इशारा माझ्याच जिभेवरून गेला आणि माझ्या कानात शिरला नाही. आमोसाच्या काळात खोटं माप धरणारेही असेच शब्बाथ कधी संपतो म्हणत तुझी स्तुती गात असतील. बीड-नगरकडून आलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या इथं फडाच्या कडेला खोपी टाकून राहतात, पहाटेच्या थंडीत त्यांची लेकरं वाढ्यांच्या ढिगावर झोपतात, त्यांच्या उचलीच्या हिशेबाबद्दल मी मुकादमांना नावं ठेवत आलो. भाषणं केली मी. आणि माझ्या वहीत या आठ रेघा.

आठ रेघा, प्रभू. भिंतीवरच्या त्या बोटांनी माझ्यासाठी वेगळं काही लिहिलंच नाही. माझ्याच अक्षरात, माझ्याच पेन्सिलीनं लिहून घेतलं.

मला टाकू नकोस.

मला टाकलं असतंस तर तो न्याय झाला असता, हे मी मान्य करतो. तरी मला टाकू नकोस.

तुझी सहनशीलता मी तुझी संमती समजलो. दिवाळी गेली, नाताळ गेला, मी नवे कपडे घालून गाणी म्हटली, आणि तू मला पाडलं नाहीस, पीक जाळलं नाहीस, घरात आजार धाडला नाहीस. वाट बघत राहिलास. तुझ्या दाखल्यातला तो माळी मालकाच्या हातापाया पडतो, म्हणतो, अंजिराला एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. डाळिंब लावलेल्या माणसाला तो माळी कळतो. बहार धरायचा तर आम्ही बागेला ताण देतो. पाणी तोडतो, पानं गळू देतो, छाटतो. बघणाऱ्याला वाटतं, बाग मारायला निघालाय. मग आळं उकरून शेणखत घालतो आणि पहिलं पाणी देतो, आणि आत्ता जशी या अंधारात माझ्या पाठीमागं तांबडी फुलं आहेत, तशी ती येतात. दुसऱ्याच्या दुष्काळाला मी कधीही तुझा ताण म्हणणार नाही, ते तुझं गुपित आहे. पण माझ्यावर तो दे. माझी पानं गळू दे. कात्री तुझ्या हातात आहे तोवर मी हलणार नाही.

तुझे आभार मानू दे, बापा. भीती दिलीस म्हणून आभार. इतक्या वर्षांनी ती माझ्या घरच्या पत्त्यावर आली. त्या म्हातारीच्या एका प्रश्नासाठी आभार. पेन्सिलीच्या रेघा पुसट झाल्या नाहीत म्हणून आभार. आणि उजनीसाठी आभार. धरण उण्यात गेलं की आकड्यापुढं उणे लागतं, माणसं कपाळाला हात लावतात, पण त्या उण्यातलंच पाणी आम्ही पितो. त्या उन्हाळ्यात आमच्या घागरी मृतसाठ्यानंच भरल्या. हिशेबात जे शून्याच्याही खाली होतं, त्यावर आम्ही जगलो. माझं तसंच झालंय. तागडीत मी कधीच पुरा भरलो नाही, आणि तरी रोज सकाळी तोंड धुवायला पाणी आहे, भाकरी आहे, तुझं नाव घ्यायला जीभ आहे. हे कुठून येतं ते मी विचारत नाही. तुझ्या लेकराच्या कुशीतून पाणी आणि रक्त वाहिलं, एवढं मला माहीत आहे.

रविवारचं तू बघ. सहा पानं मी फाडणार नाही, मागं हजेरी आहे. पण ती वाचणारही नाही. मंडळीपुढं उभं राहिल्यावर तू जे देशील ते बोलेन, आणि काही दिलं नाहीस तर आमोस दिमिष्कापासून इस्राएलापर्यंत नुसता वाचून खाली बसेन. पाळकसाहेबांना वाईट वाटू देऊ नकोस.

आणि उद्याचं. उद्याचं आधी बघ.

ती खुरपणारी बाई सहाच्या आत कांदा काढायला पिकअपनं जाते. मला साडेपाचला तिच्या वस्तीवर पोचव. चोवीसशे रुपये धान्याच्या डब्यातून रात्रीच काढून खिशात ठेवलेत. वर काही द्यावं का, द्यावं तर किती, हे मला ठरवता येत नाहीये. लुबाडलेल्याचं चौपट परत देणं जक्कयाला तू सुचवलं होतंस की त्यालाच सुचलं, ते आठवत नाही. मला सुचव. तिच्या दारात उभं राहिलो की मला शहाणपण सुचू देऊ नकोस, नाहीतर मी तिथंही संदेश देईन. उशीर झाला, चुकलो, एवढंच म्हणू दे. ती रागावली तर रागावू दे. ती ‘राहू द्या मास्तर’ म्हणाली तर मला तिथंच उभं राहायचं बळ दे, ती पैसे हातात घेईपर्यंत.

पेटीवरचा तांबडा दिवा लागला, प्रभू. लाईट आली.

मोटार चालू करतो. खालच्या ओळींना पाणी पोचेपर्यंत तीन वाजतील. मला जागं ठेव.

आमेन.